कोट आतून बघितला तर मॅक्वीन कळतो

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. लंडनचा फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन याच्या आयुष्यावरील २०१८ च्या माहितीपटाचे परीक्षण आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचले. माहितीपट बघण्यासारखा आहे, परीक्षणही मनापासून लिहिलेले आहे. खटकला तो त्यातला सूर. शाळा अर्धवट सोडलेला एक मुलगा काहीही न शिकता, निव्वळ बंडखोरीच्या जोरावर पॅरिसला पोचला, असे काहीसे वाचकाच्या मनात राहते. नौपाड्यात किंवा वाशीत फॅशनच्या क्लासला नाव घालायला निघालेल्या मुलामुलींना हे वाचून ड्राफ्टिंगची (मापावरून कपड्याचा आराखडा काढण्याची) वही पहिल्याच आठवड्यात नकोशी होईल. आम्ही ठाण्यात कटिंग आणि कोटशिलाई शिकवणारे तिघे आहोत, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र थोडे लांबले आहे, कारण मुद्दा कापडाचा आहे आणि तो दोन ओळींत मावत नाही.

मॅक्वीनचा जन्म १७ मार्च १९६९ चा, वडील लंडनमध्ये टॅक्सी चालवायचे. सोळाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. त्यानंतर तो उमेदवारीला लागला सॅव्हिल रो या पुरुषांच्या कपड्यांसाठी जगभर नावाजलेल्या गल्लीत, अँडरसन अँड शेपर्ड या दुकानात, कोट शिवायला. पुढे त्याच गल्लीतल्या गीव्ह्ज अँड हॉक्समध्ये. मग अँजेल्स अँड बर्मन्स या नाटकांचे कपडे पुरवणाऱ्या जुन्या पेढीत. नंतर मिलानमध्ये रोमिओ जिली या डिझायनरकडे. सेंट्रल सेंट मार्टिन्स कॉलेजात तो आधी पॅटर्न कटिंग शिकवण्याची नोकरी मागायला गेला होता. त्याला विद्यार्थी म्हणून घेतले गेले आणि १९९२ मध्ये तो एमए होऊन बाहेर पडला. म्हणजे कॉलेजात पाऊल टाकण्याआधी काही वर्षे रोज सुई हातात होती. याला न शिकलेला म्हणायचे असेल तर शिकलेला कोणाला म्हणायचे?

या उमेदवारीत नेमके काय शिकवतात, हे माहितीपटात फारसे येत नाही. येणारही नाही, कॅमेऱ्याला कोटाचे बाहेरचे अंग दिसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २०११ साली भरलेले त्याच्या कपड्यांचे प्रदर्शन साडेसहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिले, पण त्यांच्यासाठी कोटाचे अस्तर उसवून कोणी ठेवले नसणार. म्हणून आतला मामला इथे सांगतो.

चांगल्या कोटाचा पुढचा भाग तीन थरांचा असतो. बाहेर कापड, आत अस्तर, आणि मधे कॅनव्हास. हा कॅनव्हास लोकर आणि जनावराच्या केसांच्या धाग्याचा विणलेला असतो. छातीवर त्याच्या जोडीला घोड्याच्या केसांचे कापड आणि त्यावर मऊ फेल्टचा थर येतो, म्हणजे केस अंगाला टोचत नाहीत. हे सगळे कापडाला चिकटवलेले नसते, टाक्यांनी धरलेले असते. कॅनव्हास कापण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा लागतो. ही पायरी गाळली तर पहिल्या ड्रायक्लीनिंगला कॅनव्हास आत आक्रसतो आणि बाहेरचे कापड पोते बांधल्यासारखे ढिले दिसते.

उमेदवाराची खरी परीक्षा लॅपलवर, म्हणजे कोटाच्या छातीवर बाहेर वळणाऱ्या पट्टीवर. लॅपलच्या आतल्या बाजूने कॅनव्हास आणि कापड यांना तिरक्या टाक्यांच्या ओळींनी जोडायचे. टाका साधारण एक सेंटीमीटरचा, टोकाकडे जाताना आणखी बारीक, आणि कॉलरच्या खालच्या थरावर त्याहून दाट. प्रत्येक टाक्यात बाहेरच्या कापडाचा जेमतेम एक धागा उचलायचा. जास्त उचलला तर उलट्या बाजूला खळगा दिसतो, कमी उचलला तर टाका कॅनव्हासमध्येच फिरतो आणि काहीच धरत नाही. गंमत पुढे आहे. शिवताना लॅपल टेबलावर सपाट ठेवायचा नाही. तर्जनीवर गोल वळवून धरायचा, कॅनव्हास वर आणि कापड बोटाकडे. वळलेल्या अवस्थेत शिवल्यामुळे आतल्या बाजूचे कापड कॅनव्हासपेक्षा किंचित आखूड बसते आणि लॅपल आपणहून वळतो. त्याला इस्त्रीने घडी मोडावी लागत नाही. बाजारातल्या तयार कोटाचा लॅपल पुठ्ठ्यासारखा दुमडलेला दिसतो आणि हाताने शिवलेल्या कोटाचा पान वळावे तसा वळतो, तो फरक या बोटावरच्या वळणाचा आहे.

लॅपल जिथे वळतो त्या रेषेच्या आतल्या बाजूला, छातीकडे, अर्ध्या इंचाच्या आतबाहेर अंतरावर एक सुती पट्टी लावतात. ती रेषेपेक्षा दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आखूड कापायची आणि कापड तिच्यावर सांभाळून सामावून घ्यायचे. ती रेष उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी जाते, त्यामुळे ताण पडला की लांबणार. पट्टी नसेल तर सहा महिन्यांत कोट छातीसमोर तोंड उघडून उभा राहतो. पट्टी जास्त ओढली तर कापडाला चुण्या पडतात. हे सारे धरून सॅव्हिल रोच्या दुकानांची संघटना अस्सल मापाच्या सुटाला हाताचे निदान ५० तास लागतात असे मानते.

मॅक्वीनबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो, की उमेदवारीच्या काळात त्याने युवराज चार्ल्सच्या कोटात काहीतरी आचरट लिहून ठेवले होते. दुकानाने कोट मागवून पाहिले, काही सापडले नाही, असेही सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, तो सुचू शकतो तो कोटाची रचना माहीत असलेल्यालाच. कॅनव्हासवर खडूने काय लिहिले आहे, हे अस्तर उसवल्याशिवाय घालणाऱ्याला जन्मभर कळत नाही. पुढे १९९२ च्या त्याच्या कॉलेजच्या कपड्यांमध्ये काटेरी छपाईच्या गुलाबी रेशमी कोटाच्या अस्तरात माणसाचे केस घातलेले होते. लोकांना ते भीषण वाटले. आमच्या धंद्यातल्या माणसाला आधी आठवतो तो छातीच्या कॅनव्हासमधला घोड्याचा केस. आतल्या थरात केस असतात हे त्याला सोळाव्या वर्षापासून ठाऊक होते.

आता मुंढ्याकडे, म्हणजे बाही जोडायच्या गोल कापाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि तो फक्त कोटात नाही, ब्लाउजमध्येही होतो. अँडरसन अँड शेपर्ड हे दुकान १९०६ पासूनचे. त्यांची खासियत मऊ खांद्याचा कोट. छातीत थोडे सैल कापड, खांद्यात भरणा अगदी कमी, आणि मुंढा लहान व उंच. म्हणजे मुंढ्याचा तळ बगलेच्या शक्य तितक्या जवळ. ऐकायला उलटे वाटते. आपल्याकडे समज असा की मुंढा खोल ठेवला म्हणजे हात मोकळा होतो. होत नाही. बाही जिथे धडाला जोडलेली, तिथून कापड ओढले जाते. ती जागा बगलेत असेल तर हात बिजागरीसारखा वर जातो आणि धड जागेवर राहते. ती जागा खाली बरगडीवर असेल तर हाताबरोबर अख्खी बाजू वर येते. पडताळा सोपा आहे. कोट घालून, बटण लावून, लोकलमध्ये वरची कडी धरतो तसा एक हात वर करा. कोटाचा तळ थोडासा हलला तर मुंढा बरोबर. तळ दोन-तीन इंच वर चढला आणि कॉलर मानेपासून सुटली, तर मुंढा खोल आहे. जांभळी नाक्यावर घेतलेल्या तयार कोटात हे हमखास दिसते, आणि त्यात दुकानदाराचा दोष थोडाच. तयार कपडा दहा प्रकारच्या अंगांना चालला पाहिजे म्हणून मुंढा मुद्दाम खोल ठेवतात.

ब्लाउजचे गणित हेच. पैठणीचा ब्लाउज हात वर करताच छातीवरून वर सरकतो, मग बाई दिवसभर तो खाली ओढत बसतात, आणि शिंपी म्हणतो मुंढा आणखी मोकळा करून देतो. त्याने दुखणे वाढते. शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखी आहे: कमी कापलेला मुंढा ट्रायलनंतर पाव पाव इंच खोल करता येतो, खोल कापलेला मुंढा वर आणता येत नाही. बाजूच्या शिलाईत इंचभर मार्जिन ठेवून त्याचा उपयोग नाही, कारण मुंढ्याच्या तळाला कापडच उरलेले नसते. साडीतून निघालेल्या ब्लाउजपीसमध्ये दुसरा तुकडा मिळत नाही, तेव्हा तर कात्री आणखी जपून. आपल्या जुन्या सदऱ्यात यावर वेगळाच तोडगा होता. बाही सरळ कापायची आणि बगलेत चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, घालायची. कळी उरेब ताणली जाते आणि हात वर जातो. कापड वाया जात नाही, कटिंगला गोलाई लागत नाही. हा शोध लावणाऱ्याचे नाव कुठल्याच माहितीपटात येणार नाही.

लहान मुंढ्याला मोठी बाही बसवणे हे पुढचे काम. लोकरीच्या कोटात बाहीच्या गोलाईचा घेर मुंढ्यापेक्षा दीड ते दोन इंच जास्त ठेवतात. तो जादा घेर कच्च्या टाक्यांनी गोळा करून, ओल्या फडक्यावरून वाफेची इस्त्री देऊन आक्रसवायचा. लोकरीचा धागा ओलावा आणि उष्णता घेऊन आकार बदलतो, थंड झाल्यावर तो आकार धरतो. पॉलिएस्टर मिसळलेल्या सूटिंगला हे जमत नाही. तिथे एवढा घेर ठेवला तर बाहीच्या डोक्यावर चुण्या येतात आणि कितीही इस्त्री केली तरी जात नाहीत. असे कापड असेल तर जादा घेर इंचभरावर आणावा, ब्लाउजच्या रेशमाला अर्धा इंच पुरतो. कापड न बघता पुस्तकातले माप उचलले की बाही फुगते आणि दोष मास्तरांच्या हाताला लागतो.

त्याच्या 'बंबस्टर' पँटबद्दल परीक्षणात एक ओळ आहे, आणि ती फक्त अश्लीलतेच्या अंगाने. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने पँटची कंबर इतकी खाली आणली की पाठीचा शेवटचा भाग उघडा पडला. धड लांब दिसावे हा हेतू. पण ती पँट चालताना खाली का घसरत नव्हती, हा खरा प्रश्न. नेहमीची पँट कंबरेच्या बारीक जागेवर अडकते, खाली तिला नितंबांचा आधार असतो. कंबर खाली आणली की हा अडकाव जातो. मग आसनाची (बसण्याच्या भागाची) मागची शिलाई आणि पट्ट्याचा आकार यांवरच सगळा भार. शरीर तिथे वरून खाली रुंद होत जाते, म्हणून पट्टाही वरच्या काठाला आखूड आणि खालच्या काठाला लांब, म्हणजे कमानीसारखा गोल कापावा लागतो. उल्हासनगरात शिवलेल्या स्वस्त लो-वेस्ट जीन्सचे उदाहरण घ्या. बसल्यावर मागे पट्टा उभा राहतो आणि आत चार बोटे जातात. कारण पट्टा सरळ पट्टीचा. सरळ पट्टी उभ्या धाग्यात कापता येते, ती ताणत नाही, मशीनला पट्टी दुमडणारा फोल्डर लावला की एका दमात पँटमागून पँट चढत जाते. गोल पट्टा वेगळा कापावा लागतो, त्यात कापड वाया जाते, आणि त्याचा काठ अधूनमधून उरेब येत असल्याने तो ताणतो. त्याला वरच्या काठाला न ताणणारी पट्टी लावावीच लागते. ती विसरली की दोन धुलाईत पट्टा ढिला. कारखान्याला सरळ पट्टी परवडते, एवढेच. मॅक्वीनने जे केले ते कमी कापडाचे असले तरी कटिंगच्या दृष्टीने जास्त कामाचे होते.

यंत्रमानवांनी रंग फवारलेल्या पांढऱ्या पोशाखावर परीक्षणात बराच मजकूर आहे. सप्टेंबर १९९८ चा तो कार्यक्रम, फिरत्या चकतीवर शॅलोम हार्लो ही मॉडेल, दोन बाजूंनी मोटार कारखान्यातले दोन यंत्रमानव काळा आणि पिवळा रंग उडवतात. दृश्य विलक्षण आहे. त्यातही कापड बघा: पांढरी सुती मसलिन, आतून सिंथेटिक ट्यूलचा (जाळीदार कापडाचा) फुगवणारा घेर. सुती कापड रंग पिते. तोच पोशाख पॉलिएस्टर सॅटिनचा असता तर रंगाचे ओघळ झाले असते. कॉलेजच्या कार्यक्रमासाठी हा प्रयोग करू बघणाऱ्यांनी निदान कापडाचा तुकडा आधी फवारून पाहावा. कापडाला खळ असेल तर धुऊन काढल्याशिवाय रंग धरत नाही.

१९९६ मध्ये जिवांशी या पॅरिसच्या फॅशन घराण्याने त्याला नेमले, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. पहिल्या संग्रहावर टीका झाली, २००१ पर्यंत तो तिथे राहिला. ११ फेब्रुवारी २०१० रोजी त्याने जगाचा निरोप घेतला. या भागाबद्दल माहितीपट पुरेसे आणि संयमाने सांगतो, आम्ही त्यात भर घालत नाही.

नाटकांचे कपडे शिवण्याच्या त्याच्या दिवसांबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या काळातला पोशाख रंगमंचासाठी शिवताना त्या काळचे कटिंग शिकावे लागते. आपल्याकडे बाराबंदी शिवणाऱ्याला हे लगेच कळेल. बाराबंदीचे बंद कुठे येतात, त्यानुसार छातीवरचा पदर किती चढवायचा हे ठरते. आधुनिक शर्टाच्या पॅटर्नवर नुसते बंद शिवले की गळ्याशी झोल पडतो. मॅक्वीनच्या कोटांमध्ये जुन्या शतकांची कंबर आणि पाठ दिसते ती या पेढीची कमाई. गडकरी रंगायतनच्या विंगेत ऐतिहासिक नाटकाचे कपडे सांभाळणाऱ्यांकडे असले ज्ञान आजही सापडेल. आपल्या पुरवणीने एखादे पान त्यांना द्यावे, अशी विनंती.

शेवटी फ्यूजिंगबद्दल, कारण परीक्षण वाचून ज्यांना लग्नसराईत चांगला कोट शिवून घ्यावासा वाटेल त्यांच्या हे कामाचे आहे. आज बहुतेक ठिकाणी टाक्यांऐवजी डिंकाचे ठिपके असलेला फ्यूजिंग कॅनव्हास कापडाला इस्त्रीने चिकटवतात. कारखान्यातल्या प्रेसवर तापमान, दाब आणि वेळ ठरलेले असतात, तिथे ते बरे टिकते. दुकानातल्या हातइस्त्रीवर मास्तर घाईत इस्त्री सरकवत नेतात. मग काही ठिपके वितळतात, काही नाही. सरकवायची नाही, एका जागी १० ते १५ सेकंद दाबून धरायची, उचलून शेजारी ठेवायची, आणि पूर्ण थंड होईपर्यंत कापड हलवायचे नाही. गरम असताना उचलले तर डिंक पकडण्याआधीच सुटतो. कापड आणि फ्यूजिंग दोन्ही आधी वाफेने आक्रसवून घेतलेली नसतील तर ड्रायक्लीनिंगनंतर एक आक्रसते आणि दुसरे नाही, मग छातीवर पापडासारखे फोड येतात. ठाण्याच्या पावसाळ्यात प्लास्टिकच्या कव्हरमध्ये चार महिने बंद राहिलेल्या कोटाला बुरशी लागते आणि चिकट थर सुटायला निमित्त मिळते. कव्हर सुती असावे. एकदा आलेला फोड इस्त्रीने दाबला तर तो दबतो आणि पुन्हा उठतो, कायमचा जात नाही.

कोट कसला आहे हे दुकानातच कळते. खालच्या काजाजवळ पुढचे कापड एका चिमटीत आणि अस्तराकडची बाजू दुसऱ्या चिमटीत धरून दोन्ही अलगद विलग करा. मधे तिसरा थर सुटा सरकताना बोटांना जाणवला तर कॅनव्हास शिवलेला आहे. पुढचे कापड जाड, कडक लागले आणि मधे काहीच सरकले नाही, तर फ्यूजिंग. काही दुकाने छाती आणि लॅपलला कॅनव्हास व खाली फ्यूजिंग असा मधला मार्ग काढतात, तो वाईट नाही. म्हणून चिमटी काजाजवळ आणि छातीवर अशी दोनदा घ्या आणि मगच किमतीचे बोला.

आपले,
कटिंग व कोटशिलाईचे तीन शिक्षक,
नौपाडा, ठाणे